अंगझडतीचं प्रात्यक्षिक

टाचणी दातांत होती, म्हणून लगेच उत्तर द्यावं लागलं नाही — टाचणीचं ते एक बरं असतं, इवलीशी, थंडगार, जिभेच्या टोकाला लोखंडाची चव देणारी, आणि ती तोंडात आहे तोवर तुमच्याकडून कोणी काही वदवून घेऊ शकत नाही. सुभद्राने सुमतीबाईंच्या ब्लाऊजची बाही मुंढ्याला लावून धरली, नीट बसलेली होती तरी काढली, पुन्हा लावली. मागे मोरीत कपबशा विसळणाऱ्या आईने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.

“कितीक वाजता जाऊचा तुका?”

अकरा वाजता, दादरला — पण हे सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, थंय कोण कोण आसत, आणि त्याच्यापुढचं वाक्य प्रश्न नसणारच, ते ‘मी पन येतंय’ असणार... आणि आज आई नको होती. बाकी कोणीही चाललं असतं. चाळीस पोलीस चालणार होते, त्यांच्याकडेच तर जायचं होतं. फक्त मीराबाई गुणाजी परब, वय वर्षं बहात्तर, ही एक बाई त्या सभागृहात नको होती.

टाचणी काढावी लागली. “अकराला. पण तू कशाला, आये? उगाच जिने उतरा, बस पकडा, तुझे गुडघे —”

“गुडघे माझे आसत ना? मगे माका विचार.” आईने शेवटची बशी पालथी घातली. “मी पन येतंय.”

झालं. आणि सुभद्राला हसू आलं, नको असताना आलं. आईला अडवायचा विचार मनात येतो न येतो तोच आई चपला घालून दारात उभी असते, हे तिला गेली सदतीस वर्षं माहीत होतं.

हे सगळं एका खाकी शर्टामुळे झालं होतं. सहायक निरीक्षक रुपाली मॅडम जवळच्याच पोलीस वसाहतीत राहायच्या, आणि तयार मिळणारा गणवेशाचा शर्ट बायकांच्या खांद्यावर धड बसत नाही म्हणून दर वेळी सुभद्राकडे यायच्या — घोडपदेवच्या चाळीतल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीजवळच्या मशीनपाशी, जिथे गेली बारा वर्षं आसपासच्या बायका येऊन उभ्या राहतात आणि हात वर करतात. तीन आठवड्यांपूर्वी मॅडम अशाच हात पसरून, आढ्याकडे बघत उभ्या होत्या आणि मध्येच म्हणाल्या, “सुभद्राताई, तुम्ही दर वेळी आधी सांगता. छाती घेते म्हणता, थांबता, मग टेप लावता. कंबर घेते म्हणता, थांबता, मग टेप लावता. हे शिकलात कुठे?”

कुठे शिकले? कुठेच नाही. सुरुवातीला भीती होती म्हणून — माझे हात, माझी लांब बोटं, माझा आवाज. बाई दचकली तर, घरी गेल्यावर तिला कोणी ‘ह्याला कशाला हात लावू दिलास’ म्हणालं तर... म्हणून आधी सांगायचं, थांबायचं, तिने मान हलवली की मगच. पहिल्या आल्या त्या समोरच्या खोलीतल्या सुमतीबाई. त्यांनी सहज हात वर केले होते आणि भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिल्या होत्या, तेव्हा मला रडूच यायचं बाकी राहिलं होतं. हळूहळू भीती गेली, सवय राहिली. पण हे सगळं मॅडमना कुठे सांगत बसा. सुभद्रा नुसतं “भीतीतून शिकले” एवढंच म्हणाली, आणि मॅडम टेपच्या आतल्या आत वळून तिच्याकडे बघायला लागल्या.

मग त्यांनी विषय काढला. तृतीयपंथी व्यक्तीची अंगझडती कशी घ्यावी, याचं एक परिपत्रक तयार होत होतं. अजून मसुदाच होता, वर सहीला जायचा होता, सही होईल की नाही देव जाणे. पण मॅडमना त्याआधीच आपल्या लोकांना शिकवायचं होतं. “भाषण करणारे पुष्कळ मिळतात,” त्या म्हणाल्या. “मला उभं राहणारं माणूस हवंय. ज्याची झडती घेऊन दाखवता येईल असं. याल? नाही म्हणालात तरी शर्ट तुमच्याकडेच टाकणार आहे मी.”

सुभद्रा हो म्हणाली. तेव्हा तोंडात टाचणी नव्हती, हेच कारण असावं. त्या दिवशी सगळी शिलाई वाकडी गेली, दोनदा उसवावी लागली — पण उसवता उसवता मनाशी एक ठरलं. तिथे उभं राहायचंच आहे तर ती संध्याकाळ सांगायची. चौदा वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. अनोळखी चाळीस माणसांना सांगता येईल, अनोळखी माणसं ऐकतात आणि निघून जातात. पण ज्या माणसाच्या हातची पेज उद्या सकाळी प्यायची आहे ते मागच्या रांगेत बसलेलं असलं तर...

साडी नेसताना आई खाली बसली. गुडघे तिचेच होते, त्यांची तिने परवानगी घेतली असावी. निऱ्यांची टोकं धरून तिने खाली ओढली, एकसारखी केली आणि मान तिरकी करून बघितलं. “आता बरा दिसता गो.”

गो. अजूनही त्या एका अक्षराने पोटात काहीतरी उजळतं, आणि ते आईला कधी सांगितलेलं नाही. पंचवीस वर्षं ‘रे’ होतं. मग काही वर्षं काहीच नव्हतं — आई वाक्यं अशी काही बोलायची की हाक मारावी लागू नये, ‘जेवण वाढलंला आसा’, ‘दार लावूचा ऱ्हवला’, जणू खोलीत माणसं नव्हतीच, नुसती कामं होती. आणि एका दुपारी सुभद्रा खाली नळावर बादल्या लावून उभी असताना वरच्या गॅलरीतून आई ओरडली, “सुभद्रा, पाणी इला काय गो?” चारही मजल्यांनी ऐकलं. पाणी आलेलं नव्हतं, पण तिने खालून ओरडून सांगितलं, आलं, आलं! — आणि मग आई रिकामी कळशी घेऊन खाली आली तेव्हा किती शिव्या खाल्ल्या होत्या...

बसमध्ये आईला खिडकी मिळाली. लालबागचा पूल मागे पडला, परळ आलं, ऊन अजून कोवळं होतं, आणि सुभद्रा मनातल्या मनात पहिलं वाक्य म्हणत होती. चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी. चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी गिरगावातून. हे वाक्य पाठ होतं, याच्यापुढचंही होतं. मी तेवीस वर्षांची होते. गिरगावात अस्तराचं कापड आणायला गेले होते आणि सलवार-कमीज घातली होती, दिवसाउजेडी, पहिल्यांदाच दिवसाउजेडी, मीच शिवलेली, मोरपंखी. दुकानातला माणूस मान वर न करता म्हणाला, “बोला ताई,” आणि मी हवं त्यापेक्षा दुप्पट अस्तर घेतलं, केवळ तो पुन्हा एकदा ताई म्हणावा म्हणून. म्हणालाही. दुकानाबाहेर आले तेव्हा रस्त्यावर वारा होता आणि ओढणी उडत होती आणि मला वाटलं, आता हे असंच राहणार, रोज. जांभळी पिशवी हातात घेऊन मी चालतच निघाले. आणि मग वाटेत नाकाबंदी —

“खडीसाखर खातंस?” आईने मूठ पुढे केली.

“नको.”

“खा. बोलूचा हा ना तुका? घसो सुकतलो.”

तिने खडीसाखर तोंडात टाकली. आई खिडकीबाहेर बघत बसली, लग्नाला निघालेल्या बाईसारखी, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून.

सभागृह पहिल्या मजल्यावर होतं. पंखे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाचा वास, आणि चाळीस खाकी पाठी — एवढी खाकी एका ठिकाणी बघितल्यावर पाय दारातच थबकायला हवे होते, ती तशी तयारीही करून आली होती, पण डोळ्यांना भलतंच दिसायला लागलं: हा मुंढा खाली गेलाय, ही कॉलर विरून उलटी फिरवायला झालीय, त्या पोरीच्या शर्टाला टक्स घातले तर किती सुरेख बसेल... चाळीस माणसं नव्हतीच, चाळीस बिघडलेली मापं बसली होती. तिला आतून गुदगुल्या झाल्यासारखं झालं.

आई सरळ मागे गेली आणि शेवटच्या रांगेत एका पिकल्या मिशांच्या हवालदाराशेजारी बसली. रुपाली मॅडमनी चार वाक्यांत ओळख करून दिली आणि त्या बाजूला झाल्या. सुभद्रा पुढे आली. चौदा वर्षांपूर्वी एका — आईने पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर लावला. नीट दिसावं म्हणून.

वाक्य गेलं. जणू कधी पाठच नव्हतं. पंख्याचा आवाज, चाळीस चेहरे, कोणीतरी खोकलं... तिचा हात आपोआप पर्समध्ये गेला आणि टेप बाहेर आला. गळ्यात टेप पडल्याबरोबर श्वास जागेवर आला.

“मी शिंपीण आहे,” ती म्हणाली. “माझं काम तुमच्यासारखंच. दिवसभर लोकांना हात वर करायला सांगते.”

एक दोघं हसले. बरं वाटलं.

“कोणीतरी एक जण पुढे या. तुम्ही या ना, हवालदार, शेवटचे.”

पिकल्या मिशांचे ते वसंत हवालदार, वर्षभरात निवृत्त होणारे. आजूबाजूच्यांनी ढकलत ढकलत त्यांना पुढे आणलं. ते सावधानमध्ये उभे राहिले.

“टेप लावू?”

“लावा.”

“आधी छाती घेते.” ती थांबली. त्यांनी मान हलवली, तिने टेप फिरवला. “आता कंबर.” ती थांबली, टेप फिरवला. “घाबरलात?”

“छे!”

“मग पोट का आत घेतलंत?”

सभागृहात हशा फुटला. मागची पोरं खुर्च्यांवर थापा मारायला लागली, वसंत हवालदारांनी पोट सोडलं तसा टेप तिच्या बोटांतून सरसर सुटला, आणि ते स्वतःच मोठ्याने हसायला लागले. तिने आवाज खाली बसू दिला.

“सगळे घेतात,” ती म्हणाली. “सांगून, विचारून, हसत हसत हात लावला तरी माणूस थोडा आत जातो. मग न सांगता लावला तर किती आत जात असेल? एवढं लक्षात ठेवलं तरी माझं काम झालं.”

आता ते हसत नव्हते, पण हसण्याची ऊब खोलीत होती, आणि तिला कळलं की हे आपल्याला जमतंय, चांगलंच जमतंय. प्रश्न यायला लागले. वसंत हवालदारांनी जागेवर जाता जाता विचारलं, “बाई, समजा मी विचारलं, तुम्ही म्हणालात महिला अंमलदार हवी, आणि तिथे महिला अंमलदार नसलीच तर?”

“तर बोलवा. मी थांबते. फक्त खुर्ची द्या.”

स्वप्नील नावाचा नुकताच भरती झालेला शिपाई उभा राहिला, कानाच्या पाळ्या लाल. “मॅडम, आधी कार्ड बघायचं का? म्हणजे... कळायला. नक्की काय ते.”

पूर्वी या ‘नक्की काय ते’वर तिच्या अंगावर काटा आला असता. आज तिने त्या मुलाकडे बघितलं. तो खरंच विचारत होता. “दादा, तुम्ही झडती कशासाठी घेता?”

“हत्यार... चोरीचा माल... ड्रग्ज.”

“बरोबर. तेच शोधा. मी कोण आहे हे माझ्या कपड्यांत नसतं लपवलेलं. ते मला विचारलं की कळतं.”

त्याने वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, ओठ हलवत — तिला त्याच्या कॉलरवरून हात फिरवून ती सरळ करावीशी वाटली.

मग ते आलं, ज्यासाठी बोलावलं होतं. मेघना नावाची शिपाई पुढे आली, बावीस-तेवीसची असेल, वेणी घट्ट पिनांत बसवलेली, हातात मसुद्याचा कागद. तिने वाचलं, जरा चढ्या आवाजात, शाळेतल्यासारखं: “आपली अंगझडती कोणी घ्यावी, अशी आपली इच्छा आहे? महिला अंमलदाराने, की पुरुष अंमलदाराने?”

उत्तर तयार होतं. एका शब्दाचं होतं. पण तो प्रश्न ऐकला आणि ते उत्तर लगेच देऊन टाकावंसं वाटेना... आपली इच्छा. छापील अक्षरांत, ‘आपली’. तालीम होती, माहीत होतं, ही पोरगी कागद वाचतेय. तरीही प्रश्न विचारून झाला होता आणि आता तो हवेत होता आणि चाळीस पोलीस थांबले होते — माझ्यासाठी. मी बोलेपर्यंत कोणी हलणार नव्हतं. मी हवा तेवढा वेळ घेऊ शकत होते. मग घेतला. जीभ फिरवून खडीसाखरेची उरलेली गोडी चाखली, पंख्याकडे बघितलं, खिडकीबाहेर कोणाच्या तरी गॅलरीत वाळत घातलेल्या पिवळ्या चादरीकडे बघितलं. असा निवांतपणा कुठल्या समारंभात, कुठल्या सुट्टीत मिळाला होता आयुष्यात? मेघनाने बावरून रुपाली मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसत होत्या.

“महिला अंमलदाराने,” सुभद्रा म्हणाली, एकेक अक्षर सुटं करून.

पडद्याच्या जागी दोघी महिला शिपायांनी चादर धरली, वरून डोकी दिसतील आणि सगळ्यांना ऐकूही येईल अशी. सुभद्राने हात वर केले. मेघनाचे हात खांद्याला लागले आणि साडीच्या पदरावरूनही ते बर्फासारखे लागले. ते थरथरत होते. सुभद्राला नवल वाटलं. आपण कापणार म्हणून इतके दिवस घाबरलो, आणि कापतेय ही!

“हात चोळून घे आधी,” ती हळूच म्हणाली. “हां. आता सांग, कुठे हात लावतेस ते. सांगत राहा. तळवा नको, उलटा हात.”

“खांदे... तपासते. पाठ तपासते.” हात आता कोमट होते. “ताई, कंबर तपासते.”

आणि कंबरेला हात लागला, उलटा, हलका, सांगून लागलेला — तरी शरीराने आपलं आपण मागचं दार उघडलं. ती संध्याकाळ सबंध आत आली. पण चालून आली, धावून नाही. सुभद्राने हात वरच ठेवले. चादरीवरून तिला समोरची भिंत दिसत होती, शेवटची रांग दिसत नव्हती.

“थांब जरा,” ती मेघनाला म्हणाली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागली. “चौदा वर्षांपूर्वी मला एका नाकाबंदीत थांबवलं. कुठे ते सोडा. हातात पिशवी होती. चौकीत नेलं. बाई पोलीस म्हणाली, मी नाही हात लावणार ह्याला. पुरुष म्हणाले, मग काय आम्ही लावायचा? खूप हसले. माझ्यावरून हो-नाही, हो-नाही चाललं होतं, जसा कोणी नको असलेला डबा इकडून तिकडे सरकवतो. शेवटी दोघांनी मला आतल्या खोलीत नेलं. कपडे काढायला लावले. काय आहे बघू म्हणाले. बघितलं. मग जा म्हणाले.”

पंखे फिरत होते.

“पिशवी कोणी उघडलीच नाही,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत. पिशवीत बॉम्ब असता तरी मी तो घेऊन घरी गेले असते. अस्तर होतं पांढरं. एवढंच सांगायचं होतं. मेघना, पुढे कर. पाय राहिलेत.”

“पाय तपासते, ताई,” मेघना म्हणाली, आणि तिचा आवाज शाळेतला राहिला नव्हता.

चादर खाली आली. पहिल्यांदा सुभद्राने शेवटच्या रांगेकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती.

टाळ्या वाजल्या, तिला ऐकू आल्या नाहीत. मॅडम काहीतरी बोलल्या, कोणीतरी गुलाबाचं फूल दिलं. ती दाराकडे निघाली होती — आई गेली, जिने एकटी उतरली, रस्ता ओलांडताना... कशाला सांगितलं, बहात्तर वर्षांच्या बाईला कशाला —

बाहेरच्या व्हरांड्यात चहाचं टेबल होतं आणि टेबलाशी आई उभी होती. तिच्यासमोर चहाला आलेले पाच-सहा पोलीस एका ओळीत उभे होते, हातात कप घेऊन, आणि आई त्यांची झाडाझडती घेत होती.

“तू खंय होतंस चौदा वर्सांआधी?”

“मी चौथीत होतो, आजी,” स्वप्नील म्हणाला.

“हो बाजूक.” आईने पुढच्याकडे बोट केलं. “तू रे? तुजो गाव खंयचो?”

“कणकवली,” वसंत हवालदार म्हणाले. “मी मोटार विभागात होतंय, आये. गाडी चालवी होतंय. आयशीची शपथ.”

आईने त्यांना मिशीपासून बुटापर्यंत बघितलं. “सुटलंस,” ती म्हणाली. “चाय घे.”

सुभद्रा दारातच उभी राहिली. हसू आणि दुसरं जे काही होतं ते एकदमच वर आलं, आणि हसू जिंकलं. तिने तोंडावर पदर धरला तरी आवाज फुटलाच. रुपाली मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. “कागद वर गेलाय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “सही होईल का, सांगू शकत नाही मी तुम्हाला.” मग आईकडे बघून म्हणाल्या, “पण यांना पुढच्या वेळी आणाच.”

परतीच्या बसमध्ये आई पुन्हा खिडकीत. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला बस थांबली तेव्हा बाहेर बघतच म्हणाली, “जांभळी पिशी. माका आठवता ती.”

सुभद्राने हातातलं गुलाबाचं फूल पर्सवर आडवं ठेवलं.

“त्या दिवशी तू मोरीत जाऊन बसलंस. पाण्याचो आवाज येय होतो नुसतो. मी भायर उभी होतंय. कडीक हात लावलंय, मागे घेतलंय. परत लावलंय. तुजो बापूस म्हनालो, येतलो भायर, सोड.” आईने पिशवीचे बंद एकमेकांवर नीट बसवले. “माका कळला होता काय तरी झाला म्हनान. विचारूक होया होता माका.”

चौदा वर्षं मला वाटत होतं, दाराच्या पलीकडे कोणी नव्हतं. आणि ती होती. कडीवर हात ठेवून होती... त्या आठवणीत मोरी तशीच होती, नळ तसाच होता, फक्त दाराच्या बाहेर आता एक माणूस उभं राहिलं होतं, आणि त्याने ती जागा केवढी वेगळी दिसायला लागली.

“आता विचार,” ती म्हणाली.

आईने विचार केला. “लय दुखला?”

“हो.”

“आणि आता? आता काय होता तुका?”

सुभद्राने खरंच आत बघितलं. जिथे नेहमी बघायचं टाळायची तिथेही बघितलं, जीभ दुखऱ्या दाताकडे नेतात तसं, जपून. “आता भूक लागलीय,” ती म्हणाली, आणि दोघींनाही ते इतकं खरं वाटलं की आई हसलीच.

घोडपदेवला उतरायचा स्टॉप कधी गेला कळलं नाही. कळलं तेव्हा बस भायखळ्याला आली होती आणि बाहेर उंच झाडं आणि राणीच्या बागेची भिंत होती. त्या उतरल्या. परत चालत जायला दहा मिनिटं. पण आई भिंतीपाशी थांबून फाटकातून आत बघायला लागली.

इतक्या जवळ राहून सुभद्रा चौदा वर्षांत इथे आलेली नव्हती. फक्त इथेच असं नाही. तिचं शहर निराळंच होतं, त्यात मॉल नव्हते, मोठी सरकारी ऑफिसं नव्हती, मेट्रो नव्हती, नाटकाची थिएटरंही नव्हती. जिथे दारात पुरुषांची एक रांग, बायकांची एक रांग आणि हातात दांडकं घेतलेलं माणूस असेल, तो तुकडा तिच्या शहरातून कापून काढलेला होता. उरलेल्या कापडात तिने काटकसरीने आयुष्य बेतलं होतं, आणि बरं बेतलं होतं, तक्रार नव्हती... पण आज पहिल्यांदाच वाटलं, त्या कापलेल्या तुकड्यांत काय काय असेल? थंडगार एसी असेल. सरकते जिने असतील. पडदा वर जाताना कसा आवाज येत असेल?

“हयच ते पेंग्विन आसत ना गो?” आईने विचारलं. “सुमती सांगी होती. थंड खोलयेत ठेवतत म्हने.”

“हो.”

“उडतत?”

“उडत नाहीत. चालतात.”

“पक्षी आणि चलता? कसो चलता?”

फाटकाशी दोन रांगा होत्या. तिला त्या दिसल्या, न दिसून कशा राहतील. बायकांच्या रांगेपुढे एक सुरक्षारक्षक बाई कंटाळून पिशव्या चाचपत होती. तिच्याजवळ मसुद्याचा कागद नव्हता, तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं, ती विचारेल किंवा विचारणार नाही, बघेल किंवा हसेल — काहीच ठरलेलं नव्हतं, आणि आत जायचं की घरी जाऊन भात टाकायचा तेही ठरलेलं नव्हतं. पण आईने प्रश्न विचारला होता आणि आधी त्याचं उत्तर द्यायचं होतं. फोनवरच्या व्हिडिओंत सुभद्राने पेंग्विन पुष्कळ बघितले होते. तिने पर्स आईच्या हातात दिली. पदर खोचला. दोन्ही हात अंगालगत सोडून फक्त मनगटं बाहेर वळवली, मान ताठ केली, टाचा जुळवल्या, आणि भर दुपारी, भायखळ्याच्या फुटपाथवर, या पायावरून त्या पायावर डुलत चालायला लागली.

“अगो बाये!” आईने भिंतीला हात टेकला. हसून हसून तिचा चष्मा नाकावर घसरला. “आणि एकदा! आणि एकदा चल!”

दोन्ही रांगांतली माणसं वळून बघायला लागली होती. सुभद्राला ती दिसत होती, एकेक चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता — आणि नवल म्हणजे, तिला थांबावंसं वाटत नव्हतं.